चांदीचा रवंथ

बाळ्याच्या पुढे, हायवेकडे पाठ करून
भागण्णा गवळ्याचा गोठा. चौदा म्हशी.
आम्हाला एकच हवी होती, शांत डोक्याची.
त्यानं चांदी दिली.
कपाळावर पांढरा ठिपका,
शिंगं पाठीवरून खांद्यांपलीकडे गेलेली.

त्या शिंगांमुळेच स्कॅनिंगचं फिसकटलं.
सात रस्त्याचे डॉक्टर रविवारी रात्री
मशीन द्यायला तयार होते. शेळीचं झालंही:
शेळी गुंगीत, मी काचेमागे,
पडद्यावर करडा अक्रोड, काप काप उघडत जाणारा.
चांदी त्या बोगद्यात शिरणार कशी?
"मशिनीलाच आणून बांधा की दावणीला,"
भागण्णा म्हणाला.

म्हणून या आठ वायरी.
ब्लेडनं केस काढले, रुपयाएवढे,
सात जागी कपाळावर, एक मानेवर.
स्पिरिट, पेस्ट, चकत्या, वरून गॉझ,
आणि ॲम्प्लिफायर बाबांच्या जुन्या टॉवेलात गुंडाळून
शिंगांच्या मधोमध.
काहीही टोचत नाही, हे मी तीनदा सांगितलं.
"टोचलं असतं तर तिनंच सांगितलं असतं तुम्हाला."

कातडीखाली हाड, हाडाखाली पोकळी,
पुन्हा हाड,
मग कुठे मेंदू, अर्ध्या किलोच्या आसपास.
तिथून जे येतं ते इतकं क्षीण
की माशी बसली तरी बुडतं.
कान हलला की आठही ओळी उसळतात
आणि मी वहीत लिहिते: कान.
शेपूट. कान. ट्रक. कान.

साडेअकराला ती रवंथ करू लागली.
पडद्यावर दर सेकंदाला जबड्याचा एक डोंगर.
डोंगर गाळून टाकले तर खाली
संथ, रुंद लाटा. झोपेच्या.
तोंड चालू, डोळे अर्धे उघडे,
आणि आत कुणीतरी दिवा मालवत निघालेलं.

हे मी आधी पाहिलं होतं.
भद्रावती पेठेत खाली माग, वर पोटमाळ्यावर आम्ही.
त्या खडखडाटातच बाबा झोपायचे.
वीज गेली, माग थांबले,
की दचकून उठून बसायचे: "एमायिंदि?"
काही झालेलं नसायचं. फक्त शांत झालेलं असायचं.
त्यांना नीट झोप कधी लागली
याची नोंद कुणी ठेवली नाही.
मीही नाही. मी तेव्हा अभ्यास करत होते.

तीन वाजून दहा मिनिटांनी
चांदीनं मान वळवून कुशीला टेकवली.
मानेची ओळ सपाट झाली, ताणून धरलेल्या सुतासारखी.
बाकीच्या सात बारीक, घाईच्या.
पापणीखाली बुबुळ सरकत होतं.

भागण्णा बाजेवरून उठून मागं येऊन उभा राहिला.
"काय दिसलालंय?"
"स्वप्न. बहुतेक."
"कशाचं?"
"ते नाही कळत यात."
तो बराच वेळ ओळींकडे बघत राहिला,
वाचता येत नसलेल्या पत्राकडे बघावं तसा.
"गड्ड्याच्या बाजारात रेडकू दिलं तिचं," म्हणाला.
मग लगेच,
"तसं नसंल म्हणा. चाऱ्याचं असंल."

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
३.१० ते ३.१४. उजवा कान दोनदा हलला.
मोजलेलं एवढंच होतं.

पहाटे चरव्यांचा आवाज आला.
चार चकत्या काढल्या, चार राहिल्या होत्या,
तेवढ्यात तिनं माझं मनगट हुंगलं.
पेस्ट खारट असते.
कानशीसारख्या जिभेनं तिनं मनगट साफ केलं,
मग तळवा, मग एकेक बोट,
आणि मी हात काढून घेतला नाही.

यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं.
उरलेल्या चार ओळी पडदा सोडून वर गेल्या.
फाइलमधला हा भाग
आम्ही टाकून देतो.