सड्यावरची कॉलनी

समुद्र इथून साडेचार किलोमीटर.
दिसत नाही, ऐकू येत नाही.
येतो तो कुलपांतून.
पुण्याला गेलेल्या पेडणेकरांच्या दाराला
तीन महिन्यांत एवढा गंज चढतो
की किल्ली फिरवायच्या आधी
खोबरेलाचे दोन थेंब सोडावे लागतात,
लहान मुलाच्या कानात सोडावेत तसे.

माझ्याकडे सात घरांच्या किल्ल्या आहेत.
फ्रिजमागच्या खिळ्यांवर, प्रत्येकीला चिंधी बांधून:
निळी नार्वेकरांची, चौकड्यांची खतीबांची.
पिवळी आठवी आहे, ती कुठल्याच दाराला लागत नाही
म्हणून टाकवतही नाही.
कॉलनीत घरं एकूण बारा.
हिशेब तुम्हीच करा.

तीस वर्षं मी एसटी स्टँडवर माईकसमोर बसलो.
पूर्णगड, जयगड, साखरप्यामार्गे कोल्हापूर.
माझ्या आवाजावर माणसं उठायची,
बोचकी उचलून धावायची,
एकदा एक बाई नवऱ्याला फलाटावर विसरून
देवरुख गाडीत चढली होती.
तिला परत बोलावणारा आवाजही माझाच.

आता सकाळभर
सुर्व्यांचा पंप (पाणी दिवसाआड),
खाली कलमांवर चाललेली फवारणी,
आणि जांभ्याच्या गडग्याकडेने मुंगूस गेलं
की वाळक्या पानांची चुरचुर.
हमिदाबी स्कूटरवरून येते, हॉर्न एकदाच देते.
"कुणासाठी वाजवू, भाऊ? अर्धी आळी बंद."
मी तीन बांगडे मागतो, ती चार टाकते.
चौथा मांजरासाठी, म्हणते.
मांजर माझं नाही.

पाहुणे येतात, म्हणतात, किती शांत आहे हो तुमच्याकडे!
डोळे मिटून श्वास वगैरे घेतात
आणि जेवून, चारच्या आत निघतात.

तिन्हीसांजेला मी दिवे लावायला बाहेर पडतो.
सात घरांचे सात पडवीतले दिवे,
चोराला वाटावं, आत माणसं आहेत.
चोराचं माहीत नाही.
गेल्या वर्षी बिबट्या आला होता, तो फसला नाही;
खतीबांच्या पायरीवर दिव्याखाली
बराच वेळ बसून राहिला,
घरच्यासारखा.

त्याच खतीबांच्या हॉलमध्ये एकदा,
खुर्च्यांवर चादरी, घड्याळ सव्वाचारला थांबलेलं,
कुणी नाही असं बघून
मी घसा साफ केला आणि म्हणालो,
"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."
आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत आला.
पुढचं सुचेना.
गाडी कुठली, येणारी की सुटणारी,
काहीच हातात कागद नाही.
चादरी गप्प.
मीच कान देऊन उभा.

समोर हातिसकर बाई राहतात, एकट्या.
बोलणं नाही.
पंधरा वर्षांपूर्वी फणसाच्या एका फांदीवरून थांबलं,
फांदी कधीच पडली,
कोण बरोबर होतं ते मला आठवत नाही,
त्यांना आठवत असणार.
रात्री दहाला दाराची कडी घालताना मी खोकतो,
त्या दिवा मालवतात.
ठरलेलं काही नाही. असंच पडत गेलं.

परवा तापात दुपारपासूनच पडून होतो.
दिवे राहिले. कडी राहिली.
अडीचला तहानेनं उठलो तर
सबंध कॉलनी काळोखात,
फक्त समोर एक दिवा.
मला आधी वाटलं, बाई आजारी आहेत.
अर्धा तांब्या पाणी प्यायलो
आणि मग लक्षात आलं.

दाराशी गेलो. कडी वाजवून घातली.
खोकलो, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच.

दिवा लगेच नाही गेला.
थोड्या वेळाने गेला,
रागावल्यासारखा.