दुसरी बाजू, तिसरं गाणं

पाचशे प्रती काढल्या, एकशे बारा खपल्या.
उरलेल्या चर्चच्या तळघरात
पियानोच्या मोडक्या पायाखाली गेल्या,
काही टेनेसी नदीच्या पुरात.

चर्चमध्ये म्हणाले, ड्रम सैतानाचा.
बारमध्ये म्हणाले, येशूला बाहेर बसवा, मग वाजवा.
आम्ही आपले व्हॅनमध्ये, अलाबामाच्या रस्त्यांवर,
उकडलेले शेंगदाणे खात.

वर्लन तेव्हा नुकताच दारू सोडून आलेला.
मोठ्या बँडमागे वर्षभर हिंडला होता,
त्यातले केस तेवढे उरले होते
आणि ती गिटार.
खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली तो तारेवर सरकवायचा.
तार रडायची वगैरे नाही.
लांबून मालगाडी वळण घेते तशी वाकायची.

कव्हरवर आम्ही चौघं, कापसाच्या शेतात, टाय लावून.
माझे डोळे मिटलेले.

तर दुसरी बाजू, तिसरं गाणं.
सुरू होता होता वर्लनचं बोट तारेनं कापतं
आणि तो एक शिवी हासडतो,
अस्सल, बापाकडून आलेली.
मग एक, दोन, तीन,
आणि प्रभूची करुणा.
पुसायला हवी होती. स्टुडिओचे पैसे संपले होते.
पास्टर टिलमन शेवटपर्यंत सांगायचे,
इथे बघ, कुणीतरी मनापासून आमेन म्हणतंय.

वर्लनला जाऊन यंदा एकोणीस वर्षं.
गाताना तो चारचौघांसारखाच गायचा.

टायरचं दुकान बंद केलं की
सुई त्या खाचेत ठेवतो,
शिवी ऐकतो,
आणि गाणं सुरू व्हायच्या आत
उचलतो.