हौद

हलकर्णीची शाळा, दुसरीचा वर्ग.
माझ्याकडं बावीस प्रश्न,
पोरामागं नऊ मिनिटं.

मल्लेश खुर्चीत बसला, पाय जमिनीला टेकेनात.
शाळेत यायला आवडतं का रे?
हौद, म्हणाला.
मी खिडकीबाहेर बघितलं. हौद होता खरा,
शेवाळलेला, तोटीला चिंधी बांधलेला.
खिचडी खाताना कुणी शेजारी बसतं?
हौद.
बाईंनी शिकवलेलं कळतं?
मान खाली. बराच वेळ.
मग शर्टाच्या बटणाला सांगितल्यासारखं
अर्धंच, हौ...

रकान्यात मी लिहिलं : उत्तर असंबद्ध.
समासात, पेन्सिलीनं : पाण्याची काही अडचण?

मधल्या सुट्टीत त्याच हौदावर
आफ्रिन मुजावर ताट विसळत होती, स्वतःचं आणि त्याचं.
"मॅडम, त्यो होय म्हणतोय वो.
त्यांच्या घरात कानडी. हौद म्हंजे होय.
आमास्नी समद्यास्नी ठावं हाय."

खोडरबर जोरात फिरवला,
कागद तिथंच फाटला.

सकाळपासूनची सतरा पोरं.
कुणाकुणाचं होय
मी काय म्हणून लिहिलं असेल?

गठ्ठा सोडला, पहिल्यापासून.
गडहिंग्लजची पाचची एस.टी.
हॉर्न वाजवून गेली.