दीड तास मागं

नागपूरच्या विमानतळावर बॅग साडेतीन किलो जास्त भरली.
धम्मदीपनं फरशीवर बसून चेन उघडली.
एका हातात भिवापुरी तिखटाचा डबा,
दुसऱ्या हातात निळ्या पुठ्ठ्याचं ते जाडं पुस्तक.
मायकडं पाहिलं त्यानं,
अन् पुस्तक माझ्या हाती दिलं.

तेव्हापासून रात्री साडेदहाला फोन.
सोहारमध्ये तेव्हा नऊ.
तो कॅम्पच्या जिन्यात, कारण खोलीत चौघं झोपलेले,
मी न्हाणीमागच्या दगडावर, कारण तिथंच रेंज पकडते.
"वाच ना वं."

मी वाचते.
दोन नळ टाकी भरतात, तिसरा रिकामी करतो.
(आमच्याकडं नळ येतो तिसऱ्या दिवशी, अर्धा तास.
ज्यानं हे गणित बनवलं
त्याच्या गावात नळ सुरू ठेवून झोपत असतील लोक.)
एक माणूस प्रवाहाच्या उलट नाव वल्हवतो.
"नाव कायची," धम्मदीप म्हणतो, "वणा नदीत गुडघाभर पाणी."
हसतो. मग गप्प.
मग पेन्सिलीचा आवाज, समुद्रापलीकडून, स्पष्ट.

उतारे कठीण.
शब्द अडला की एकेक अक्षर सांगते,
गाडीचा नंबर सांगते तशी: ए, एम, बी, आय...
"अँबिव्हॅलंट," तो म्हणतो. "म्हणजे मन दोहीकडं."

दिवसा मी जिनिंगच्या काट्यावर.
कापसाची गाडी चढते, आकडा थरथरतो, थांबतो.
रिकामी होऊन येते, पुन्हा आकडा.
पहिल्यातून दुसरा वजा.
दोन गाड्यांच्या मधात सात-आठ मिनिटं मिळतात.
रात्री वाचताना अडू नये म्हणून
आधी नुसती नजर टाकत होती.
मग बोट. मग पेन, पावतीच्या मागं.
शेवटची उत्तरांची पानं बसच्या तिकिटांनी टाचून टाकली.
त्याच्यापासून लपवायचं कारण नव्हतं,
तो तर हजार कोस दूर.

एका रात्री
"बावीस," माझ्या तोंडून निघालं.
तो अजून वजाबाकीत होता.
"मागं पाहिलं का वं?"
"हाव," मी म्हटलं.
खोटं.

नोव्हेंबरात त्याच्या कंपनीत शटडाऊन निघालं. सुट्ट्या रद्द.
हॉल तिकीट मी हिंगणघाटवरून छापून आणलं होतं,
रंगीत, वीस रुपये, सेंटर नागपूर.
परीक्षेच्या रविवारी तो सेफ्टी शूज घालून टाकीत उतरला.
मेसेज आला: "टाकी रिकामी करून रायलो. तिसरा नळ मीच."
मी काय लिहिणार.
हॉल तिकीट पुस्तकात ठेवलं, कोणतं पान ते नाही पाहिलं.

मग तेरा दिवस त्यानं गणित नाही मागितलं.
मायचे गुडघे, तुरीचा भाव, गाय व्याली का.
मीही विषय नाही काढला.
काट्यावरचे भोयरसाहेब तेवढे म्हणाले,
"पोरी, पावत्या लय संपून रायल्या आपल्या."

शुक्रवारी, भर दुपारी, फोन.
"पुस्तक आहे का जवळ?"
घरी आहे म्हणणार होती.
ड्रॉवर उघडला.
"वाच."
वाचलं. बारा मजूर, काम अर्धं, त्यातले दोघं निघून गेलेले.
तिकडं पेन्सिल वाजत नव्हती.
"तू सांग."
काचेवर सरकीचा धुरळा. पंखा.
मी उत्तर सांगितलं.

तो बराच वेळ गप्प.
जिन्यातून कोणी उतरलं, दुसऱ्याच भाषेत काही बोललं.
मग त्यानं विचारलं, तुरीचा भाव विचारतो तसं,
"बी.कॉम.ले किती टक्के होते वं तुले?"

बाहेर हॉर्न.
एम एच बत्तीस, वरपर्यंत गच्च, काट्यावर चढली होती.
खिडकीतून हात दाखवला: थांब.
आकडा अजून हलत होता.