सराफ लाईनीतली धूळ

उदगीरच्या सराफ लाईनीत शटरं वर जायच्या आधी
माय झाडते. नव्या माणसाला वाटतं, फुकट झाडते.
कुंच्यापुढं येईल ते पाटीत:
बिडीची थोटकं, कानशीचा चुरा, कुणाच्या तरी पोतीतला मणी.
नाल्यावर धुऊन, हलवून हलवून
मूठभर काळा गाळ उरतो.
त्यावरून लोहचुंबक फिरवायचं, ते काम माझं.
तेजाब तिचं.

वर्गात मठपती सरांनी परीक्षानळीत जस्त टाकलं,
विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं.
बुडबुडे. तोंडाशी जळती काडी धरली, फट्!
पोरं हसली.
मग तांब्याची तार टाकली.
तार पडून राहिली, जावयासारखी.
‘तांब्याची अभिक्रिया होत नाही.’
मी हात वर केला. ‘आमच्यात होते सर.
तांबडा धूर निघतो. खोकला येतो.’
सर पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिले.
‘ते नायट्रिक. ते वेगळं.
घरात करता?’

घरात नाही. मोरीत. वारा बघून.
माय पदर नाकाला बांधते,
‘काय बघूलालीस? सर तिकडं.’
चिनी मातीच्या बशीत गाळ खदखदतो,
थेंब सांडला की शहाबादी फरशीसुद्धा फसफसते.
शेवटी सोनं उरतं
ते चहाच्या चोथ्यासारखं.
मी फेकून देईन म्हणून हात लावू देत नाही.

वरचं निळं पाणी दुसऱ्या बरणीत.
त्यात तांब्याची पट्टी सोडायची,
चांदी शेवाळासारखी तिच्यावर चढते.
उरल्या पाण्यात गंजके खिळे,
की तांबं परत.
‘स्वस्त आत, महाग बाहेर.’
एवढ्यावर मी सरांची क्रियाशीलता श्रेणी पाठ केली,
बाजारभाव वाचल्यासारखी.
जस्त तेवढं चुकलं.
लोखंडापेक्षा महाग, तरी आधी विरघळतं.
माय म्हणाली, असतात तशी माणसं.

खिळ्यांचं पाणी मात्र कुणाच्याच कामाचं नाही.
लोखंडाला सोडवून आणणं परवडत नाही.

तेजाबानं मायच्या बोटांची टोकं पिवळी झालीत,
साबणानं जात नाहीत, राखेनं जात नाहीत.
देवणीच्या लग्नात एकीनं विचारलं,
कुणाची हळद लावून आलीस गं आधीच?
‘सराफाघरची,’ माय म्हणाली
आणि पंगतीला बसली.