सव्वाचार सेकंद

परभणीत, गंगाखेड नाक्याच्या पुढं,
जुन्या जिनिंगच्या शेडात आता चित्रं लागणार आहेत.
रिकाम्या हॉलच्या मधोमध उभा राहून
मी एक टाळी वाजवली.
पत्र्याला लागली, शहाबादी फरशीवर आपटली,
परत वर गेली,
सव्वाचार सेकंद घरंगळत राहिली
जिन्यावरून सुटलेल्या तांब्यासारखी.

इथं दोन माणसं चित्राबद्दल बोलली
तर दहा जण भांडल्यासारखे वाटतील.
वहीत लिहिलं: सव्वा हवा. तीन सेकंद मारायचे.

इनूस मिस्त्रीनं भोकाभोकांचं प्लायवूड ठोकलं,
मागं काचेची लोकर भरली,
दारांना रबराच्या पट्ट्या, छताखाली फेल्टची जाड पानं.
"साहेब, एवढा कापूस व्हता इथं,
तवाच थोडा ठिवायचा की आवाज गिळायला,"
तो म्हणाला, दातात खिळे धरून.

टाळी: पावणेदोन.
टाळी: दीड.
आणि तरी तळाशी काहीतरी घुमत होतं,
मीटरवर दिसायचं, सापडायचं नाही.

केवळाबाई झाडायला यायची.
बावीस हंगाम रेच्यापाशी उभी राहिलेली,
कान तिथंच ठेवून आलेली.
तिच्याशी बोलायचं तर समोर यायचं,
ओठ सावकाश हलवायचे.
तिनं झाडू काखेत धरला,
सातव्या खांबावर तळवा टेकवला.
"मशीन चालूय की."

आत चालू नव्हतं काहीच.
बाहेर, मागच्या भिंतीला,
एसीचं नवंकोरं धूड,
ज्या गर्डरवर पूर्वी पट्ट्याचा शाफ्ट फिरायचा
त्याच गर्डरवर बसवलेलं.
लोखंडाला कुठं माहीत, धंदा बदललाय.

दोन दिवस गेले त्यात. धुडाखाली स्प्रिंगा, रबराचे ठोकळे.
टाळी: सव्वा.
मी खुशीत मीटर तिच्यापुढं धरला,
तिनं तो पाहिलाही नाही.
तळवा खांबावर. मग दुसरा तळवा.
मग गाल.

"बंद पडलं?"
चेहरा असा,
भर हंगामात पट्टा तुटल्यावर होत असेल तसा,
आता खाडा लागणार म्हणून.

नाही, चालू आहे, मी म्हणालो,
ओठ सावकाश हलवत.
गार हवा येतीय बघा, वरून.

तिनं पदराचं टोक उचलून धरलं. हललं.
तरी संध्याकाळपर्यंत
झाडता झाडता ती त्या खांबाकडं
दोनदा जाऊन आली.