घट

शनिवारी मी रविवार पेठेत जाते.
बोहरी आळीत, दोरखंडांच्या दुकानाशेजारून जिना,
वर वेर्णेकर सरांचा वर्ग:
सहा स्टुलं, एक ऐरण,
भिंतीवर खडूनं लिहिलेलं,
'घाई असेल त्यांनी लक्ष्मी रोडला जावे.'

पहिला महिना नुसती तार ओढली
जंत्रीच्या भोकाभोकातून, बारीक, अजून बारीक.
मग कड्या.
सर एकेक कडी खिडकीशी धरतात.
"फटीतून उजेड दिसतोय, ठकार बाई.
डाख म्हणजे पूल नव्हे."

टाकणखार लावते, कण ठेवते, फुंकणी धरते.
डाख वितळतो
आणि पळतो भलतीकडेच.
"तुम्ही ज्योत दाखवाल तिकडं नाही,
चांदी तापलीय तिकडं जातो तो."
शेजारची अल्फिया हसत नाही.
तिच्या कडीची तर गोळीच झालीय.

काल माझ्या सगळ्या फसलेल्या कड्या
सरांनी मुशीत टाकल्या.
नऊ ग्रॅम होत्या.
लगड भरली आठ ग्रॅम सातशे.
तीस वर्षं बँकेत कॅश सांभाळली मी;
रुपया कमी आला तर रात्री आठपर्यंत बसायचो.
"तीनशे मिली कुठे गेली, सर?"
"घट. ती धरायचीच," ते म्हणाले.
"घ्या. ओढा तार."

रात्री कणीक मळताना
नखाच्या कडेला काहीतरी चमकलं,
मोहरीच्या टरफलाएवढंही नाही.
परातीवर हात तसाच धरून
मी किती तरी वेळ
उरलेली बेरीज करत बसले.